‘कुलूप लागलं ना गं?’

प्रश्न : बाई, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी दोन वर्षांची आहे. आमचे मालक लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर हिशेबाचं काम करतात. माणूस फार चांगला, सुपारीचंही व्यसन नाही. पण तीन-चार वर्षांपासून त्यांचं एक सुरू झालंय. रात्री कुलूप लावायचं, ओढून बघायचं, अंथरुणावर यायचं आणि परत उठायचं. मग गॅसचं बटण, मग बोअरच्या मोटारीचं स्टार्टर. दर वेळी मला विचारणार, ‘कुलूप लागलं ना गं? तू बघितलंस ना?’ मी ‘होय, लागलं’ म्हणते. एका रात्री मोजलं, तर एकतीस वेळा म्हटलं होतं.

आता हे गाडीवरही आलंय. खड्ड्यात गाडी आदळली की त्यांना वाटतं, कुणाला तरी धडक बसली. वळून बघायला जातात, तिथं कुणी नसतं. पुढं येतात, परत वळतात. वीस-बावीस किलोमीटरला दोन तास लागतात. अडतीवर मालक ओरडतो. दुसऱ्या दिवशी पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या शोधतात.

मागच्या महिन्यापासून त्यांनी लेकीला उचलून घेणं बंद केलंय. विहिरीकडं तर तिला नेतच नाहीत. फार खोदून विचारलं तेव्हा रडायला लागले. म्हणाले, ‘हिला विहिरीत टाकलं तर, असं डोक्यात येतंय. मी राक्षस झालोय का?’ मला त्या रात्री झोप लागली नाही. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. तीन ठिकाणी जाऊन आलो. माझा भाऊ म्हणतो, डोक्याच्या डॉक्टरकडं गेलात तर गोळ्या जन्मभर सुटणार नाहीत. हे वेड आहे का? लेकीला त्यांच्यापासून लांब ठेवू का? आणि मी ‘होय, लागलं’ म्हणत राहू की नको?

– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : ताई, आधी लेकीचं बोलू, कारण तुमची झोप त्यानं उडवलीय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तिला बापापासून लांब ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

हा मंत्रचळ दिसतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. यात नको तो विचार जबरदस्तीनं मनात घुसतो आणि जिथं माणसाचा जीव अडकलेला असतो, नेमका तिथंच घुसतो. देवभोळ्या माणसाला देवासमोर उभं राहिल्यावर घाणेरडं काहीतरी सुचतं. बाळंतिणीला हातातल्या विळीचं भय वाटतं. असले विचार चांगल्या धडधाकट माणसांनाही येतात. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर ‘उडी मारली तर’ असं कितीतरी जणांच्या मनात चमकून जातं. ते विसरतात आणि खाली येऊन चहा घेतात. तुमच्या मालकांना ते विसरता येत नाही. ते त्या विचाराला धरून बसतात, स्वतःला आरोपी करून उलटसुलट तपासणी घेतात. त्यांना त्या विचाराची किळस येते, भय वाटतं, म्हणून तर लेकीला उचलणं सोडलं. जिवापाड माया असलेल्या बापाच्याच वाट्याला हे दुखणं असं येतं, हे त्यांना माझ्या नावानं सांगा.

तरी पत्रावरून निदान होत नाही, ते डॉक्टरांनीच करायचं. कानात कुणी हुकूम देतंय असं ते म्हणाले, तसं करावंसंच वाटतंय म्हणाले किंवा ‘जगून काय करू’ असं बोलायला लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मी डॉक्टर नाही. लातूरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं हेच दुखणं अंगावर घेऊन शिकवलं. माझं धुण्याचं होतं. कोपरापर्यंत सात वेळा हात धुवायचे. मधे कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असायच्या. फळ्यावर लिहिताना खडूची भुकटी त्या भेगांत गेली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी पोरांकडं पाठ करून पुढचं वाक्य लिहायची.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना तुम्हाला? मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. अख्खं शहर तांब्या-तांब्या मोजत होतं. आमच्या अंगणात दोनशे लिटरचा निळा बॅरल होता, टँकर आला की भरायचा. तो घरानं आठवडाभर पुरवायचा आणि मी दोन दिवसांत तळाला न्यायची. तांब्या बॅरलच्या बुडाला खरडल्याचा आवाज आला की घरातलं बोलणं थांबायचं. दीर म्हणाले, ‘वहिनी, पाण्याची तरी लाज बाळगा.’ लाज होतीच हो. लाजेनं धुणं थांबलं नाही, मी लपून धुवायला लागले. रात्री दोनला, अंधारात, आवाज होऊ नये म्हणून पाण्याची धार मनगटावरनं सोडून.

शेवटी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गोळी सुरू केली, आणि सासूबाईंनाही समोर बसवून समजावलं. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी केरसुणीला हात लावला आणि धुतला नाही. सासूबाई पाट घेऊन मोरीच्या तोंडाशी येऊन बसल्या. शाळा शिकलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘भ्या वाटायलंय? वाटू दे. मीबी हाय इथं.’ माझे तळहात जळत होते, छाती धडधडत होती. ‘हात स्वच्छ आहेत तुझे’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. शेंगा फोडत बसल्या. पाऊण तासानं ते भय आपोआप खाली बसलं, हात न धुता. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांत बसायला लागलं.

पुढं वाचनात आलं की १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हीच वाट काढली होती. धुण्याचा मंत्रचळ असलेल्या बाईच्या खोलीतले नळ बंद केले आणि नर्स तिच्यासोबत ठेवल्या. ते वाचताना मला रडू आलं. आमच्या लातूरचे नळ तर आधीच बंद होते, ताई. तेवढ्यानं मी बरी झाले नव्हते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात मोलाचा. ‘होय, लागलं’ म्हणणं थांबवायचं, पण एकदम नाही आणि रागानं तर नाहीच. गजकर्ण खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि ते पसरतं, तसं तुमचं उत्तर आहे. दोन मिनिटं त्यांचा जीव थंड होतो आणि मन शिकतं की विचारल्याशिवाय सुटका नाही. संशोधकांनी माणसांना कॉम्प्युटरवरची गॅसची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावून पाहिलंय. जितकं जास्त तपासलं, तितका त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा कमी झाला. तुमचे मालक तेच करतायत. एकतिसाव्या वेळी त्यांना पहिल्या वेळेपेक्षा कमी खात्री असते.

म्हणून दिवसा, जेवणखाण झाल्यावर, दोघं निवांत बसा आणि आधी ठरवा. ते ‘हो’ म्हणाले तरच पुढं जा. कागदावर उतरंड मांडा, कमी भय वाटणारं सगळ्यात वर. मला वाटतं मोटारीचं स्टार्टर वर येईल, मग गॅस, मग कुलूप, मग गाडी, आणि विहीर अगदी तळाला. स्टार्टर एकदा बंद करायचं आणि घरात यायचं. ते विचारतील. तुम्ही म्हणायचं, ‘हे तुमचं दुखणं विचारायलंय. आपलं ठरलंय ना, मी उत्तर देणार नाही. पण मी बसलेय तुमच्याजवळ.’ आणि खरंच बसायचं. टीव्ही लावून त्यांचं मन दुसरीकडं वळवू नका, भय चढू द्या, उतरू द्या. पहिले काही दिवस ते चिडतील, तुम्हाला निर्दयी म्हणतील. तुम्हालाही वाटेल, एक ‘होय’ म्हटलं तर काय बिघडतं. एखाद्या रात्री तोंडून निघूनही जाईल. जाऊ दे. दुसऱ्या रात्री परत सुरू करा.

गाडीचं करायला घ्याल तेव्हा एखाद्या रविवारी तुम्ही मागं बसा. खड्डा आला, गाडी आदळली, की पुढचा मैलाचा दगड येईपर्यंत वळायचं नाही. ‘कुणाला लागलं नाही’ असं तुम्ही म्हणायचं नाही, नुसतं खांद्यावर हात ठेवायचा. पेपरातल्या त्या बातम्या शोधणं हेही तपासणंच आहे, तेही उतरंडीत लिहा. विहिरीची आणि लेकीची पायरी मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्या. तोवर लेक त्यांच्या मांडीवर बसू दे, भरवू दे त्यांना. तुम्ही दारातून पाळत ठेवू नका, त्यांना ते लगेच कळतं आणि फार लागतं.

भावाला सांगा, या दुखण्याच्या मुख्य गोळ्या, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन वगैरे, सवय लावणाऱ्या नाहीत. बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद मात्र करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, डोसही पुष्कळदा चढवावा लागतो. पंधरा दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडणारे फार पाहिलेत मी. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. त्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणू नका.

वेड म्हणाल तर, हे जादा होतंय हे त्यांना स्वतःला कळतं, आणि तेच त्यांना खातंय. आयुष्यात कधी ना कधी हे दुखणं शंभरातल्या दोघा-तिघांना होतं. तुमच्या अडतीच्या ओळीतही असेल कुणीतरी, कुलूप चार वेळा ओढून जाणारा.

सासूबाईंशी वाद घालू नका. देवाला जायचं तर जावं, डॉक्टरची तारीख चुकवून नको, एवढंच. एक मात्र जपा. कुणी अमुक मंत्र १०८ वेळा म्हणायला सांगितला, की या दुखण्याला नवीन खाद्य मिळतं. चुकला असेल, परत म्हणू, असं होत जातं.

लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, मोंढ्यातून रिक्षानं जाण्याइतका जवळ. तुम्ही सोबत जा आणि हे पत्रच डॉक्टरांना वाचायला द्या. त्यांना विहिरीचं तोंडानं सांगता येणार नाही. त्याआधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं.

मी पूर्ण बरी झाले असं लिहीत नाही. घरी कार्य असलं, पाहुणे आले, की अजून हात नळाकडं जातो. कधी थांबवते, कधी एकदा जास्त धुते. पण पेरांना भेगा नाहीत आता.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली घेऊन राहतो. टेस्टमध्ये प्रत्येक प्रश्न पाच-सहा वेळा वाचतो, गोल काळा केला की तोच केला ना हे परत बघतो. १८० पैकी चाळीस प्रश्न राहून जातात. सकाळी पोटात गोळा येतो. घरी सांगितलं तर वडील म्हणतील, अभ्यास नको म्हणून कारणं सांगतोय.

– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, वरचं पत्र वाच, तुझं आणि त्यांचं दुखणं एकाच घरचं असू शकतं. नुसती परीक्षेची भीती असेल तर ती टेस्टपुरती येते. हे पुन्हा पुन्हा बघणं खोलीचं दार, बॅग, मोबाईल यांतही होतंय का, ते आठवून बघ आणि डॉक्टरांना सांग. पुढच्या टेस्टला एकच नेम कर. प्रश्न दोनदा वाचायचा, गोल भरायचा आणि पान उलटेपर्यंत मागं बघायचं नाही. चुकला तर चुकू दे, ती टेस्ट मार्कांसाठी धरू नकोस. वडिलांना फोनवर सांगू नकोस, फोनवर ते घाबरतील आणि रागावतील. या रविवारी गावी जा, आईला आधी सांग, आणि न सुटलेल्या चाळीस प्रश्नांची ती उत्तरपत्रिका सोबत ने.