बंद पडलेला जुना सिंथ घ्यावा का?

प्रश्न : रोलँड जुनो-१०६ हा जुना सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारा कीबोर्ड) विकायला आहे. सहापैकी एक व्हॉइस (एका वेळी एक सूर वाजवणारं सर्किट) वाजतच नाही, दुसरा करकरतो. विकणारा म्हणतो, किरकोळ काम आहे. सोल्डरिंग येतं, पण जुना सिंथ कधी उघडलेला नाही. घ्यावा का?

उत्तर : काम किरकोळ नाही, पण दोष ओळखीचा आहे, म्हणून विचार करायला हरकत नाही. १९८४ च्या या मॉडेलमध्ये प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए हे एक मॉड्यूल असतं. फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा भाग) आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) दोन्ही त्यातच. त्यावरचं इपॉक्सीचं आवरण जुनं झालं की त्यातून करंट गळू लागतो. मग व्हॉइस करकरतो, दाबलेली की (कीबोर्डची पट्टी) सोडली तरी चालूच राहतो किंवा गप्प होतो. बदली मॉड्यूल आज नवीन बनतात. जुनं मॉड्यूल ॲसिटोनमध्ये ठेवून आवरण उतरवणारेही आहेत; ते स्वस्त पडतं, पण दरवेळी जमतंच असं नाही.

प्लग लावण्याआधी मागची व्होल्टेजची पाटी वाचा. जपानी बाजारातला नग १०० व्होल्टचा असतो. तो २३० व्होल्टवर थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग ‘की ट्रान्सपोज’ बटण दाबून धरून सिंथ चालू करा. टेस्ट मोड सुरू होतो आणि की दाबली की डिस्प्लेवर व्हॉइसचा क्रमांक येतो. कोणते क्रमांक बिघडलेत ते लिहून घ्या. त्या व्हॉइसवर सॉ, पल्स आणि सब हे वेव्हफॉर्म (मूळ आवाजाचे प्रकार) एकेक करून ऐका. सगळेच करकरत असतील तर संशय ८००१७ए वर. एखादाच वेव्हफॉर्म गायब असेल तर आधी वेव्हफॉर्म तयार करणारी एमसी५५३४ए चिप तपासा. ही चिप दोन व्हॉइसना मिळून एक असते, म्हणून तिचा शेजारचा व्हॉइसही ऐका.

किंमत ठरवताना चालू स्थितीतल्या जुनोच्या भावातून दोन नव्हे, सहाही मॉड्यूलचा खर्च वजा करा. सगळी एकाच वयाची आहेत. आज चार ठीक वाटली तरी पाठोपाठ जाऊ शकतात. खरी जोखीम मॉड्यूल काढताना असते. जोर लावला की बोर्डावरचे पॅड (पिन जोडायचे तांब्याचे ठिपके) आणि ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) उखडतात. पिनांमधलं सोल्डर पंपाने पूर्ण ओढा, प्रत्येक पिन भोकात मोकळी हलते का पाहा, मगच उचला. नवीन मॉड्यूल सॉकेटवर बसवा.

अडखळणाऱ्या कीज आणि खरखरणारे स्लायडर यांची चिंता नको. बहुतेक वेळा साफसफाईने भागतं. मात्र बोर्डावर करपलेले डाग किंवा जोड-तारांचं जाळं दिसलं तर कोणीतरी आधीच हात मारलाय. असा नग फक्त सुट्या भागांच्या भावात घ्या. चालूच न होणारा नगही त्याच भावात, कारण व्हॉइस तपासायची सोयच उरत नाही.

प्रश्न : कॉर्ग पॉलीसिक्स हा जुना सिंथ मिळतोय. पॅच (साठवून ठेवलेले आवाज) लक्षात राहत नाहीत, काही कीज वाजत नाहीत. बॅटरी बदलून भागेल?

उत्तर : उघडून केएलएम-३६७ बोर्ड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून ट्रॅक खाते. कीज गप्प होण्यामागे बरेचदा हेच असतं. हिरवट डाग बॅटरीपुरताच असेल तर बॅटरी काढा, व्हिनेगरने पुसा, पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करा आणि तुटलेले ट्रॅक तारेने जोडा. डाग आयसींच्या पायांखाली शिरला असेल तर पूर्ण बोर्डाचा खर्च धरा. नंतर लिथियम सेल लावणार असाल तर चार्जिंगची वाट तोडून डायोड टाकायलाच हवा. चार्ज होत राहिला तर लिथियम सेल फुटू शकतो.