निशाण नसलेली पलटण

प्रश्न : ब्रिटिश पायदळाच्या निशाणांवर वॉटर्लूसारख्या लढायांची नावं कशिद्यात भरलेली असतात. रॉयल आर्टिलरीला मात्र निशाणच नाही आणि नावावर एकही लढाई नाही, असं वाचलं. मग ३०० वर्षं हा तोफखाना करत काय होता? – एक वाचक

उत्तर : होता सगळीकडे, हीच तर पंचाईत! तोफांशिवाय मोठी लढाई होत नाही. नावं लिहायला घेतली तर कापड पुरायचं नाही. म्हणून १८३२ साली राजा चौथा विल्यम याने तोफखान्याला ‘उबीक्वे’, म्हणजे ‘सर्वत्र’, हे ब्रीद दिलं आणि लढायांच्या यादीचा प्रश्नच मिटवला.

या मंडळींचा संसार पहिल्यापासून वेगळा. पूर्वी लढाई आली की तोफा, घोडे, माणसं गोळा करायची आणि तह झाला की सगळ्यांना घरी धाडायचं. १७१५ च्या जॅकोबाइट बंडात (पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठीचं बंड) ही जमवाजमव होईपर्यंत बंडच आटोपलं! त्यानंतर २६ मे १७१६ रोजी लंडनजवळ वुलिच इथे दोन कायमच्या कंपन्या उभ्या राहिल्या. तोफखाना १८५५ पर्यंत सैन्याच्या नव्हे, बोर्ड ऑफ ऑर्डनन्स या शस्त्रास्त्रं पुरवणाऱ्या वेगळ्या खात्याच्या हुकमतीत होता. पायदळात हुद्दे पैसे मोजून विकत मिळत; इथे नाही. माझ्या मते शहाणपणाचं होतं ते. गणिताशी वाकडं असलेल्या श्रीमंताच्या पोराला तोफेमागे उभं कोण करील?

निशाण नाही म्हणजे काय, तर तोफ हेच निशाण. तोफ शत्रूच्या हाती गेली की अब्रू गेली. ऐकायला छान वाटतं; पण याची किंमत बघायची तर दक्षिण आफ्रिकेतलं कोलेन्सो बघा. १५ डिसेंबर १८९९. बोअर युद्ध चालू होतं. ब्रिटिश कर्नल लाँगने १५ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) १२ तोफा पायदळाच्याही पुढे, टुगेला नदीजवळ उघड्या मैदानात नेऊन मांडल्या. पलीकडे खंदकांत बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे वसाहतवाले, बंदुका रोखून. तोफांमागची माणसं टिपली जाऊ लागली, दारूगोळा संपत आला आणि उरलेल्यांनी मागच्या घळीचा आसरा घेतला. तोफा तशाच उन्हात उभ्या. ब्रिटिश सेनापती बुलरने स्वतः हाक दिली, ‘तोफा आणायला कोण जातं?’ त्यात नावाजलेला ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स याचा मुलगा फ्रेडी घोडा फेकत निघाला आणि वाटेतच कोसळला. दोन दिवसांनी गेला. बाप मूळचा बंगालच्या तोफखान्यातला, त्याच्याकडे व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, होताच. मुलाला तो मरणोत्तर मिळाला. एवढं करून परत आल्या दोनच तोफा. उरलेल्या १० बोअरांनी नेल्या. तोफ उलटी आपल्यावरच डागली जाऊ शकते, हे खरं. तरीही नुसत्या पोलादापायी अशी माणसं पुढे लोटणं मला पटत नाही.

आणि एकही लढाई नावावर नाही, हे अर्धंच खरं. अख्ख्या तोफखान्याला नसली तरी बॅटऱ्यांना, म्हणजे त्यातल्या काही तोफांच्या तुकड्यांना, अशी नावं मिळतात. एल बॅटरीच्या नावात ‘नेरी’ आहे. १ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी फ्रान्समधल्या त्या गावात धुकं विरलं आणि जर्मन तोफांनी तिला बेसावध गाठलं. शेवटी एकच तोफ बोलत राहिली. कॅप्टन ब्रॅडबरी तिच्यापाशीच जबर जखमी झाला आणि त्यातच मरण पावला. त्या सकाळचे तीन व्हिक्टोरिया क्रॉस आहेत. ती १३ पौंडी तोफ लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने जपून ठेवली आहे.

प्रश्न : तोफा ओढणारे गाडीवान शिपाई नसायचे, हे खरं का? – आणखी एक वाचक

उत्तर : खरं आहे. घोडे आणि हाकणारे दोन्ही भाड्याचे. गोळे पडायला लागले की भाडोत्री माणूस किती वेळ थांबणार? १७९३ मध्ये रॉयल हॉर्स आर्टिलरी, म्हणजे घोडदळाबरोबर धावणारा तोफखाना, उभी केली, तेव्हा तिला स्वतःचे हाकणारे दिले. बाकीच्या तोफखान्यासाठी वेगळं गाडीवान दळ आलं ते पुढच्या वर्षी.