पेनसिल्व्हेनियाचा परवाना, अनेक राज्यांचा प्रवास आणि एक लहान पिस्तूल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्याकडे पेनसिल्व्हेनियाचा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, कामानिमित्त गाडीने ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि अधूनमधून न्यू जर्सी येथे जावे लागते, वर्षातून एकदा नायगारा ओलांडून कॅनडातही जाणे होते, आणि या सर्व प्रवासात कपड्यांखाली बाळगता येईल असे एकच लहान पिस्तूल कोणते घ्यावे. आपण अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहात असे मी गृहीत धरतो. एच-वन बी किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीचा परवाना यांसारखे मोजके अपवाद वगळता, संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे जवळ ठेवताच येत नाहीत, आणि आपल्या ओळखीतल्या अनेकांना हे ठाऊक नसते.

दुकानात गेल्यावर विक्रेता आपल्याला पिस्तुलाची जाडी, वजन आणि ते हातात कसे बसते एवढेच सांगेल. आपल्यासारख्या प्रवाशासाठी निवड त्याआधीच, नकाशावर सुरू होते. मार्गातील सर्वांत कडक राज्याचा कायदा समोर ठेवावा आणि त्यात न बसणारे पिस्तूल कितीही आवडले तरी बाजूला ठेवावे, असे माझे मत आहे.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे, असा कोणताही संघीय कायदा नाही. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया येथे आपल्याला अडचण येणार नाही. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि मेरीलँड मात्र अन्य कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात न्यू यॉर्कची ‘विशेष कारण दाखवा’ ही अट रद्द केली, तेव्हा आता सगळीकडे परवाना चालेल असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात त्या निकालामुळे परवाना मिळणे सोपे झाले. परराज्याचा परवाना मानण्याची सक्ती त्यातून कोणावरही आली नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवले असता तिने आपणहून पेनसिल्व्हेनियाचा परवाना दाखवला आणि गाडीत पिस्तूल असल्याचे सांगितले. तिला अटक झाली, काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्यावर राहिली आणि अखेर २०१५ मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. म्हणून न्यू जर्सी हेच जर आपले मुक्कामाचे ठिकाण असेल आणि तेथील परवाना आपल्याकडे नसेल, तर पिस्तूल घरी तिजोरीत ठेवून जावे, याला माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

केवळ त्या राज्यातून पुढे जायचे असेल, तर १९८६ च्या संघीय कायद्यातील कलम ९२६-ए उपयोगी पडते. जेथून निघालो आणि जेथे पोहोचायचे आहे त्या दोन्ही ठिकाणी पिस्तूल बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते रिकामे करून आणि हाताशी येणार नाही अशा रीतीने नेता येते. ज्या गाडीला स्वतंत्र डिकी नाही तिच्यात ते कुलूपबंद पेटीत हवे, आणि समोरचा कप्पा किंवा दोन आसनांमधील खण ही पेटी म्हणून चालत नाही. मी स्वतः अनेकदा इंटरस्टेट ८१ ने वेस्ट व्हर्जिनियाला जातो. त्या रस्त्याचे मेरीलँडमधील अंतर जेमतेम बारा मैल आहे, गाणे लावून संपायच्या आत राज्य संपते, तरीही त्या बारा मैलांसाठी पिस्तूल डिकीत असते. पूर्वी मी सीमेअलीकडच्या पेट्रोल पंपावर थांबून ते रिकामे करीत असे. तो मूर्खपणा होता, कारण काचेतून कोणी पाहिले तर पोलिसांना फोन जाणार, शिवाय अरुंद जागेत घाईने हाताळताना चुकून गोळी सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त. आता मी घरीच मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) काढतो, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढून चेंबर, म्हणजे उडवायचे काडतूस बसते ती नळीमागची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासतो, पिस्तूल एका पेटीत आणि काडतुसे दुसऱ्या पेटीत ठेवून दोन्हींना कुलूप लावतो, आणि पोहोचेपर्यंत त्यांना हात लावत नाही.

विमानाने जाणाऱ्यांनी या कलमावर फार विसंबू नये. २००५ मध्ये युटाहच्या एका प्रवाशाचे नेवार्कला पुढचे विमान चुकले, सामानातील पिस्तुलासह तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी नियमाप्रमाणे काउंटरवर त्याने पिस्तुलाची माहिती दिली आणि त्याला अटक झाली. मुक्कामात पिस्तूल त्याच्या हाताशी होते, त्यामुळे कलमाचे संरक्षण मिळत नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले.

आता प्रत्यक्ष पिस्तुलाकडे येतो. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन बाळगणेच गुन्हा आहे. कलम ९२६-ए मध्ये बंदूक आणि काडतुसे यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही, म्हणून त्या आधारावर पंधरा गोळ्यांचे मॅगझिन डिकीत ठेवून न्यू जर्सी ओलांडण्याचा धोका मी पत्करणार नाही. त्यामुळे ग्लॉक १९ हे उत्तम पिस्तूल असूनही मी आपल्याला ते सुचवत नाही. त्याचे नेहमीचे मॅगझिन पंधराचे असते, आणि दहाचे मॅगझिन घालून वापरायचे तर एवढी रुंद मूठ कमरेला का वागवायची, हा प्रश्न उरतोच. मुळात दहा गोळ्यांसाठीच बांधलेले पिस्तूल घ्यावे. माझ्या दृष्टीने दोन नावे विचारात घेण्यासारखी आहेत: ग्लॉक ४३एक्स आणि सिग सॉअर पी३६५, दोन्ही नऊ मिलिमीटरची. पी३६५ खिशाएवढे लहान आहे, पण मोठ्या पंज्याची करंगळी त्याच्या मुठीखाली लोंबते. ४३एक्सची मूठ पूर्ण हाताची आहे, मात्र पातळ शर्टाखाली तीच आधी उठून दिसते. मी ४३एक्स वापरतो. पाच गोळ्यांचे हलके रिव्हॉल्व्हर सर्व राज्यांत मॅगझिनच्या कटकटीतून सोडवते हे खरे, परंतु त्याचा जड ट्रिगर आणि हाताला बसणारा धक्का यांमुळे लोक सराव टाळतात, आणि सरावाविना शस्त्र बाळगणाऱ्यांना मी काहीही सुचवू इच्छित नाही.

काडतुसांबाबत न्यू जर्सीचा आणखी एक फास आहे. पोकळ टोकाच्या गोळ्या, ज्या स्वसंरक्षणासाठी सर्वत्र वापरल्या जातात, त्या तेथे घर, सराव केंद्र, शिकार अशा मर्यादित कारणांव्यतिरिक्त जवळ ठेवता येत नाहीत. गेल्या वर्षी गाडी झाडताना माझ्या आसनाखालच्या रुळात असे एक काडतूस सापडले. मधल्या काळात त्याच गाडीने मी न्यू जर्सीला दोनदा जाऊन आलो होतो, पिस्तूल घरी ठेवून, अगदी निर्धास्त मनाने.

सीमेवर वारंवार पिस्तूल रिकामे करणाऱ्यांना एक यांत्रिक अडचणही येते, जिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. चेंबरमधून काढलेले तेच काडतूस पुन्हा पुन्हा मॅगझिनच्या वर ठेवून भरले, तर प्रत्येक वेळी गोळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या उताराला आपटते आणि हळूहळू कवचात आत सरकते. आतली जागा कमी झाल्याने उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो. ते काडतूस नव्याशेजारी उभे करून पाहावे, बुटके दिसले तर बाजूला काढावे. मी दोन-तीनदा भरलेले काडतूस सरावासाठीही वापरत नाही.

कॅनडाबाबत उत्तर अगदी लहान आहे: नेऊ नये. तेथे १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची पिस्तुले निषिद्ध वर्गात मोडतात, म्हणजे वर सांगितलेली दोन्ही, आणि १०२ मिलिमीटर नळीचे ग्लॉक १९ सुद्धा. शिवाय २०२२ पासून व्यक्तींना कोणतेही हँडगन देशात आणण्यास बंदी आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना त्या पुलापलीकडे नुसता कागद आहे. निघण्यापूर्वी पिस्तूल घरी ठेवावे, आणि त्यासोबत बॅगांचे कप्पे, जाकिटाचे खिसे आणि आसनाखालचे रूळ हाताने चाचपून पाहावेत.