वन्यजीव कमी होतायत त्यावर संशोधन करणाऱ्यांचं करिअर प्रत्यक्षात कसं असतं?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय की तो कळव्याला राहतो, बीएससी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीनंतर गणित सोडलंय, आणि विचारलंय की या लाइनमध्ये नेमकं काम काय असतं, पोट भरतं का, आणि रोज घटच मोजायची तर डोकं ठिकाणावर राहतं का. वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

मी ठाणे खाडीवर पक्षी मोजते. बिबट्या नाही, वाघ नाही, चिखलात पळणारे बारके टिलवे, चिखल्या, पाणटिवळे असले पक्षी, जे बघायला कोणी तिकीट काढून येत नाही. (आमच्या सोसायटीत साप निघाला की मला फोन येतो. मी साप पकडत नाही, कधीच पकडला नाही, पण "तू प्राण्यांचंच करतेस ना" म्हटल्यावर काय बोलणार.)

काम दिसायला सोपं आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा हे पक्षी सगळ्या खाडीभर पांगतात आणि मोजता येत नाहीत, भरती चढायला लागली की सरकत सरकत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर, उरणकडे पाणजेला असे गोळा होतात, मग दुर्बीण लावून मोजायचं, थवा मोठा असेल तर शंभरेक पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा डोळ्यात बसवायचा आणि पुढे तुकड्या-तुकड्याने अंदाज घ्यायचा. म्हणजे तुझा रविवार, आत्येबहिणीचं लग्न, गणपतीचं जेवण वगैरे सगळं भरतीच्या वेळापत्रकावर ठरतं. आणि हेच पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, त्याच जागी, त्याच पद्धतीने. कंटाळवाणं आहे का तर हो, आहे. पण घट कळते ती फक्त अशाच कंटाळवाण्या आकड्यांतून.

गिधाडांचंच बघ. १९८० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी शिकारी पक्षी मोजले तेव्हा गिधाड म्हणजे इतकं कॉमन की त्याची नोंद कशाला ठेवायची असंच कोणालाही वाटलं असतं. नव्वदच्या दशकात ते परत मोजायला गेले तर घरटी रिकामी, झाडांवर मेलेली गिधाडं लटकलेली. जुने आकडे हातात नसते तर "पूर्वी जास्त असायची बुवा" यापलीकडे कोणी काही म्हणू शकलं नसतं. पुढे २००४ मध्ये कारण सापडलं, गुरांना तेव्हा द्यायचे ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि किडनी निकामी व्हायची. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली, पण तोवर खूप उशीर झाला होता, १९९२ ते २००७ मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. म्हणून मी ज्युनियर पोरांना सांगते, दुर्मिळ पक्ष्याच्या मागे धावू नका, आज जो रोज दिसतो तो मोजा.

दुसरी गोष्ट, आकडा वाढला म्हणजे सगळं बरं चाललंय असंही नाही. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, खाडीत एवढ्या संख्येने येतात की २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान) मिळाला, लोक ऐरोलीहून बोटीने बघायला जातात, छानच आहे. पण छोटा रोहित खातो निळं-हिरवं शेवाळ, आणि हे शेवाळ सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर वाढतं. मग गुलाबी खाडी म्हणजे निरोगी खाडी असं कसं म्हणायचं? त्याच चिखलातली निवटी (चिखलात राहणारा छोटा मासा) आता कशी मिळते ते कोळीवाड्यात जाऊन विचार, पेपरात न येणारी बरीच माहिती तिथे मिळते.

गणिताचं. माझ्या महिन्यातला बराच वेळ खाडीवर नाही, लॅपटॉपसमोर जातो, कारण पक्षी दिसला नाही म्हणजे तो नव्हताच असं नसतं, धुकं असेल, तिवरांच्या आड असेल, मोजणारा नवखा असेल. हे "असून न दिसणं" हिशेबात धरायला स्टॅटिस्टिक्स लागतं. इकडे संजय गांधी उद्यानात बिबटे मोजतात तेही असंच, प्रत्येकाचे ठिपके वेगळे, कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) कोणता किती वेळा परत आला त्यावरून न दिसलेले किती असतील ते काढतात. त्यामुळे आर (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं) आत्तापासून शिकायला घे, दोन्ही फुकट आहेत, आणि बारावीचं प्रोबॅबिलिटीचं पुस्तक माळ्यावरून खाली काढ. याला पळवाट नाही.

आकडे वाचायलाही शिकावं लागतं. डब्ल्यूडब्ल्यूएफ या जागतिक वन्यजीव संस्थेच्या २०२४ च्या अहवालात ७३ टक्के घट आहे, व्हॉट्सॅपवर त्याचं "जगातले ७३ टक्के प्राणी मेले" झालं. तसं नाहीये ते. मोजल्या गेलेल्या प्राण्यांच्या हजारो समूहांमधली (समूह म्हणजे एका जातीचे एका भागातले प्राणी) १९७० ते २०२० ची ती सरासरी घट आहे, काही समूह जवळजवळ संपलेत, काही वाढलेतसुद्धा. चिमण्यांचंही तेच, देशभरात बऱ्यापैकी टिकून आहेत, मोठ्या शहरांत घटल्यात, आणि आपण शहरात बसून "चिमण्या संपल्या" म्हणतो आणि मोबाइल टॉवरला शिव्या घालतो. उलट नीलपंख गुपचूप कमी होतोय आणि त्याच्यासाठी कोणी दिवस साजरा करत नाही. २०२३ च्या भारतातल्या पक्ष्यांच्या अहवालात ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यातल्या ६० टक्के जाती घटत्या निघाल्या, आणि तो डेटा कोणाचा तर ३० हजारांवर हौशी पक्षीनिरीक्षकांचा. पगारी लोक एवढं कधीच करू शकले नसते.

पैसे. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, निघाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर एचआरए, प्रोजेक्टवरच्या पोस्टला बहुतेक वेळा त्याहून कमी. पीएचडीला पाच-सहा वर्षं धर, जास्तच लागतात. तोवर मित्र घणसोलीत टू-बीएचके बुक करून मोकळे झालेले असतात. त्यानंतर कायमच्या जागा थोड्या, संस्थांमध्ये फंडिंग दोन-तीन वर्षांचं, आणि पक्षी बदलायला वीस वर्षं लागतात, ही या धंद्यातली खरी अडचण. प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कन्सल्टन्सीत पैसे बरे, पण तिथे एखाद्या प्रकल्पासाठी बऱ्याचदा एकाच सीझनचा सर्व्हे, तोही पावसाळा सोडून, आणि त्यावरून "येथे महत्त्वाचे वन्यजीव आढळले नाहीत" असं लिहायचं. मला जमलं नाही ते. घरभाडं भरायला कोणी करत असेल तर मी नावं ठेवणार नाही.

निराशेचं विचारलंस. येते. पण बातम्या वाचून जेवढी येते तेवढी मोजताना येत नाही, कारण मोजताना हाताला काम असतं. जास्त त्रास होतो तो जागा गेली की, म्हणजे भरतीला पक्षी बसायचे तिथे भराव पडला की डेटाशीटवर त्या रकान्यात पुढे शून्यच लिहायचं. तेही लिहायचंच, कारण तो शून्य नसेल तर उद्या कोणीही म्हणेल तिथे काही नव्हतंच.

आता तू काय करायचं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तिथे एखाद्या टीमसोबत जा, नवख्यांना घेतात. मास्टर्ससाठी डेहराडूनचं डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था) आणि बेंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था) ही दोन नावं आधी बघ, एनसीबीएसचा वाइल्डलाइफचा कोर्स दरवर्षी निघत नाही, त्यामुळे तारखा आत्ताच बघून ठेव, आणि मधे वर्ष रिकामं पडलं तर कुठल्यातरी प्रोजेक्टवर फील्ड असिस्टंट म्हणून लाग, पैसे कमी मिळतील पण वर्षभर चिखलात उभं राहणं झेपतं का ते तुला पीएचडीला नाव घालायच्या आधी कळेल.