रेमिंग्टनचं 'ब्रॉन्को बस्टर' हे ब्राँझचं शिल्प जुनं आहे की अलीकडची नक्कल, हे घरच्या घरी कसं ओळखावं?

आधी पाया बघा. अमेरिकन शिल्पकार फ्रेडरिक रेमिंग्टनच्या या 1895 च्या शिल्पात उधळलेला घोडा, त्यावरचा स्वार आणि खालची खडबडीत जमीन, सगळं ब्राँझचंच. खाली गुळगुळीत संगमरवरी पाट जोडलेला असेल तर ती बहुधा बाजारू नक्कल. रेमिंग्टन 1909 मध्ये गेला, शिल्पांचे हक्क केव्हाच संपले, त्यामुळे नकला ढिगाने निघतात. सहीवर तर अजिबात विसंबू नका. साच्याबरोबर तीही उतरते.

खरी परीक्षा मोजपट्टीची. तयार ब्राँझवरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की थंड होताना धातू आकसतो, साधारण दीड-दोन टक्के. मूळ शिल्प सुमारे 60 सेंमी उंच, म्हणजे नक्कल सेंटिमीटरभर बुटकी. पण स्वाराचा उंचावलेला हात आणि चाबूक वाकलेले असू शकतात, म्हणून उंचीऐवजी पायाची लांबी-रुंदी मोजा आणि संग्रहालयाने छापलेल्या मापांशी ताडून बघा.

मग भिंग घ्या. घोड्याची आयाळ, लगाम, रिकीब यांच्या कडा साबणासारख्या झिजलेल्या दिसल्या तर शंका घ्या. सुरुवातीच्या प्रती हेन्री-बोनार्ड या ओतकाम कारखान्याने वाळूच्या साच्यात ओतल्या. पुढे रोमन ब्राँझ वर्क्स या दुसऱ्या कारखान्याकडे मेणाची पद्धत आली (आधी मेणाची प्रत करायची, मग ती वितळवून त्या जागी ब्राँझ ओतायचं), तेव्हा रेमिंग्टन मेणावरच फेरफार करायचा. काही प्रतींत स्वाराच्या पायांवर लोकरी चॅप्स (पँटवरून घालायची पायांची आवरणं) दिसतात ते त्यामुळे. म्हणजे तपशील वेगळा दिसला म्हणून लगेच खोटं ठरवू नका.

आणि पॉलिश मात्र मारू नका, पृष्ठभागावरचा जुना रंगच निघून जाईल.