सरकारकडे मागण्या मांडून छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांना खरंच काही मिळतं का?

मिळतं, पण चिकाटी लागते. जीएसटीचंच घ्या. महाराष्ट्रात घरचा मसाला दुकानातून विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नव्हती. तोच ॲमेझॉनवर टाकला की पहिल्या पुड्यापासून नोंदणी! उघड अन्याय होता हा. विक्रेत्यांच्या संघटना आणि कंपन्या दोघांनीही पाठपुरावा केला. जून २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली, सूट मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली. तीही राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांनाच. पुण्याहून बेळगावला मसाला पाठवायचा तर आजही नोंदणी लागतेच, आणि आता जोर तिथेच लावायला हवा. निवेदनात नुसतं 'त्रास होतो' लिहू नका. नोंदणीची सक्ती करणारं केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २४ आणि रिटर्न भरण्याचा तुमचा महिन्याचा खर्च स्पष्ट मांडा.