मला उमगलेला अर्थ आणि त्याची खात्री

प्रश्न : बायबल वाचताना पवित्र आत्मा मार्ग दाखवतो, मग मला उमगलेला अर्थ निश्चित का मानू नये?

उत्तर : तो विश्वास अवश्य धरावा, मात्र खात्री वाटणे आणि अर्थ बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५२९ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट धर्मसुधारक, दोघेही शास्त्रलेखालाच अंतिम प्रमाण मानणारे, येशूने शेवटच्या भोजनात भाकरीविषयी म्हटलेल्या 'हे माझे शरीर आहे' या एकाच वचनाच्या अर्थावर अडले आणि आपापली खात्री जशीच्या तशी घेऊन परतले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ साली अर्थनिर्णयाचा अधिकार चर्चकडे ठेवला. पण तो अधिकार मानावा की नाही, हे (गंमत म्हणजे) पुन्हा वाचकालाच ठरवावे लागते. बायबलमधील बिरुया नगराचे लोक प्रेषित पौलाचे म्हणणेही दररोज शास्त्रात शोधून पाहत (प्रेषितांची कृत्ये १७:११). तीच कसोटी आपण स्वतःच्या अर्थालाही लावावी आणि मागचापुढचा मजकूर व इतरांचे आक्षेप विचारात घ्यावेत.